मूलपेशींचे दान

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वधूवर-सूची आणि विद्यार्थी-साहाय्यनिधी ही आपल्या मंडळाची दोन कार्ये सर्वश्रुत आहेत. आज तिसऱ्या एका कार्याविषयी विनंती करण्यासाठी मी उभा आहे.

अस्थींच्या पोकळीतील मज्जेत मूलपेशी असतात. रक्तातील सर्व पेशी त्यांपासूनच जन्मास येतात. रक्ताचे काही कर्करोग आणि थॅलसेमिया यांत हे मूळच दूषित होते. अशा वेळी निरोगी माणसाच्या मूलपेशी रोग्यास देणे हा जीवदानाचा मार्ग ठरतो. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली अशा प्रयोगांचे वृत्त प्रसिद्ध केले; १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हा उपचार १९८३ साली सुरू झाला.

अडचण आहे ती दात्याची. येथे केवळ रक्तगट जुळून भागत नाही. पेशींवरील आनुवंशिक खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक. परक्यांत शोधू जाता, ज्यांचे पूर्वज समान त्यांच्यात जुळण्याची आशा अधिक. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरिकी करणाऱ्या आपल्यासारख्या समाजावर म्हणूनच विशेष दायित्व येते.

माझ्या परिचयातील एका मुलासाठी असा दाता सापडला होता. ऐन वेळी तो माघारी फिरला. नियमानुसार त्याचे नाव आम्हांस कळले नाही. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या मातेचा चेहरा मी विसरू शकत नाही. नाव नोंदवून नंतर नकार देणे हे मुळीच न नोंदवण्याहून क्रूर ठरते.

भीतीचे कारण थोडे आहे. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, एवढेच. पुढे दानाचा योग आलाच, तर बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात. मग काही तास दंडातील रक्त यंत्रातून फिरवून मूलपेशी वेगळ्या काढतात व उरलेले रक्त परत देतात. थोडे दिवस अंग दुखते. दिलेल्या पेशी शरीर पुन्हा निर्माण करते.

तरुणांनी नाव नोंदवावे आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना मागे ओढू नये, ही माझी विनंती. हे दान आपल्या ज्ञातीबाहेरच्या रोग्यास लाभले, तर आपला आनंद दुणावलाच पाहिजे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.