खेळातील विटा आणि कलेची आकृती

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्त्यांची भाषणे ऐकण्याची आपणांस सवय आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत झालेली. चिटणीसांनी भाषणाची आज्ञा केली तेव्हा आम्ही विषय सांगितला, ‘मुलांच्या प्लास्टिकच्या विटा’. तो ऐकून कार्यकारी मंडळात थोडी हसाहस झाली, असे कळते. त्याचा आम्हांस राग नाही. वर्षभरापूर्वी आम्हीही हसलो असतो. मात्र या विटांनी आम्हांस उतारवयात एक धडा शिकविला आणि तो आमच्याच व्यवसायासंबंधीचा होता. म्हणून आपला थोडा वेळ घेत आहोत.

ज्या विटांविषयी आम्ही बोलतो त्या लेगो या नावाने जगभर ओळखल्या जातात. त्यांचा जन्म डेन्मार्क देशातील बिलुंड या लहानशा गावी झाला. तेथे ओले कर्क क्रिस्टियनसेन नावाचे एक सुतार होते. मंदीच्या काळात घरे बांधून घेणारे गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. १९३४ साली त्यांनी आपल्या धंद्यास ‘लेगो’ हे नाव दिले. ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे.

या सुताराची एक गोष्ट सांगतात. त्यांचा मुलगा गॉटफ्रेड याने एकदा लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात रोगण दिले आणि पैसे वाचविल्याचे मोठ्या कौतुकाने वडिलांना सांगितले. वडिलांनी त्यास ती सारी बदके स्टेशनावरून परत आणावयास लावली आणि राहिलेला तिसरा हात त्याच्याकडूनच देवविला. पुढे १९४९ साली या कारखान्यात प्लास्टिकच्या विटा निघू लागल्या. त्यांचा मूळ नमुना इंग्लंडमधील किडिक्राफ्ट या खेळण्यांच्या विटांवरून घेतलेला होता. मात्र त्या विटा एकमेकींना घट्ट धरून राहत नसत. ही उणीव याच गॉटफ्रेडने दूर केली. विटेच्या वर गोल उंचवटे होतेच. आत, पोकळ भागात, त्याने नळ्या बसविल्या. खालच्या विटेचे उंचवटे वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये दाबून बसतात, म्हणून जोड सुटत नाही. आणि सोडवू म्हटले तर लहान मुलाच्या हातानेही सुटतो. या रचनेच्या एकस्वासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. पुढे दोन महिन्यांच्या आत वृद्ध सुतार निवर्तले. त्या वर्षाची वीट आजच्या विटेवर अद्यापि बरोबर बसते.

येथे गणिताचा शिक्षक म्हणून एक आकडा सांगण्याचा मोह आवरत नाही. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा घेतल्या तर त्या २४ प्रकारांनी जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकारांनी. आणि सहा घेतल्या तर? कोपनहेगनचे गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने केलेली मोजणी ९१,५१,०३,७६५ अशी आहे. एक्क्याण्णव कोटींवर! ज्याच्या मुठीत सहा विटा आहेत त्या मुलास ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ असे म्हणता येणार नाही.

इतकी विपुलता पाहून मोठी माणसे या खेळापासून दूर राहिली असती तरच नवल. अमेरिकेतील नेथन सवाया हे न्यूयॉर्कमध्ये वकिली करीत. ती सोडून त्यांनी या विटांतून मूर्ती घडविण्यास वाहून घेतले आणि २००७ साली त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. ‘यलो’ या त्यांच्या शिल्पात एक पिवळा मनुष्य दोन्ही हातांनी आपली छाती उघडतो आहे आणि आतून विटा ओसंडून वाहत आहेत. त्यास सुमारे ११ हजार विटा लागल्या.

सरळ कोनांच्या विटांतून गोल खांदा किंवा गाल कसा निघतो, असे आपण विचाराल. त्याची युक्ती गवंड्याच्या युक्तीसारखीच आहे. चौकटीच्या कागदावर प्रत्येक थराचा आराखडा काढावयाचा आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत वा थोडा बाहेर घ्यावयाचा. उभा सांधा उभ्या सांध्यावर येऊ द्यावयाचा नाही; नाहीतर भिंतीप्रमाणे मूर्तीही उभी चिरते. मोठी मूर्ती आतून पोकळ ठेवतात, म्हणजे विटा व वजन दोन्ही वाचतात. जवळून पाहिले तर साऱ्या पायऱ्याच दिसतात. दहा पावले मागे सरले की त्यांचीच गोलाई होते.

दुसरे उदाहरण चिनी कलावंत आय वेवे यांचे. सॅनफ्रान्सिस्कोजवळील अल्काट्राझ बेटावर एक जुना तुरुंग आहे. तेथे २०१४ साली त्यांनी जमिनीवर विटांची १७६ चित्रे मांडली. ती सारी आपल्या मतांपायी बंदिवास वा देशत्याग भोगलेल्या व्यक्तींची होती. सुमारे १२ लक्ष विटा लागल्या. पुढील वर्षी ऑस्ट्रेलियातील प्रदर्शनासाठी त्यांनी घाऊक विटा मागितल्या, तेव्हा राजकीय आशयाच्या कामासाठी त्या देता येणार नाहीत असे कंपनीने कळविले. ही वार्ता पसरताच ठिकठिकाणचे लोक आपल्या घरच्या विटा त्यांस देऊ लागले. गोळा करण्याची रीतही मौजेची. मोटारीच्या टपाची खिडकी उघडी ठेवून ती रस्त्यात उभी करीत आणि येणारेजाणारे तीतून विटा आत टाकीत. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने आपला नियम बदलला. घाऊक खरेदी करणाऱ्यास कामाचा विषय विचारणे तिने बंद केले. मुलांच्या खेळण्यात केवढी शक्ती आहे, हे त्या वेळी जगास दिसले.

तिसरे उदाहरण आम्हांस सर्वांत प्रिय आहे. यान फोरमान नावाच्या जर्मन कलावंताने २००७ साली इटलीतील बोक्किन्यानो या खेड्यात जुन्या पडक्या भिंतींच्या भगदाडांत रंगीत प्लास्टिकच्या विटा बसविल्या. पुढे इतर अनेक शहरांत त्यांनी व त्यांचे पाहून इतरांनी हेच केले. ही डागडुजी भिंत लपवीत नाही. भिंत कोठे पडली होती, हे ती रंगाने दाखविते.

आता घरची हकिकत. आमची नात पुण्यास सातवीत शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली ती विटांचे खोके घेऊनच. तिला आपल्या आजीचे मोझेक करावयाचे होते. आमची पत्नी निवर्तल्यास तेव्हा दोन वर्षे झाली होती. लग्नानंतर काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र घरात होते, तेच तिने निवडले.

मोझेक म्हणजे लहान तुकडे जडवून केलेले चित्र. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांत मोझेकच्या फरश्या आहेत, तेव्हा शब्द परिचयाचा आहे. नातीची कृती अशी होती. १६ गुणिले १६ उंचवट्यांच्या नऊ पट्ट्या जोडून तिने ४८ गुणिले ४८ असा चौरस केला. दोन उंचवट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर. म्हणजे चित्राची बाजू ३८.४ सेंटिमीटर, सुमारे सव्वा फूट. चौकोन झाले २,३०४. छायाचित्रावर तितकीच चौकट आखून प्रत्येक चौकोनास एक छटा द्यावयाची. पांढरी, फिकट करडी, गडद करडी आणि काळी, एवढ्या चारच छटा तिच्यापाशी होत्या.

ही विद्या तू कोठे शिकलीस, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “आजीच्या दुसुतीच्या वहीतून!” खरेच की! आमच्या घरी दुसुतीवर भरलेले मोर आणि कमळे अजून आहेत. त्यांचे नमुने पत्नीने चौकटीच्या वहीत एकेक फुली मोजून उतरविले होते. आपल्या माताभगिनींनी दुसुती भरली, काचमण्यांची तोरणे ओवली, ठिपके मोजून रांगोळ्या काढल्या. मोजून मांडलेल्या लहान खुणांतून मोठी आकृती उभी करण्याची कला आपल्या घरांत होतीच. कलाकार म्हणून त्यांचे नाव मात्र आम्ही पुरुषांनी कधी घेतले नाही.

तीन दिवस ते काम चालले. तोंडाशी धरून पाहिले तर नुसते करडे चौकोन. ‘हे काही जमले नाही’ असे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते. तिसऱ्या दिवशी सायंकाळी नातीने तक्ता भिंतीशी टेकवून ठेवला. आम्ही बाहेरून आलो आणि उंबऱ्यावरच थबकलो. समोर नातीची आजी होती.

जवळ गेल्यावर आमच्यातील मास्तर जागा झाला. साऱ्या करड्या चित्रात नातीने कुंकवासाठी एकच तांबडा चौकोन बसविला होता आणि तो एक घर डावीकडे गेला होता. आम्ही म्हणालो, “चूक आहे. सारे काढ आणि पुन्हा आरंभ कर.” पोर आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. “आजोबा, सगळं कशाला मोडायचं? एकच तर काढायचा आहे!” तिने नखाने तो चौकोन उचलला, शेजारच्या घरात दाबला आणि रिकाम्या जागी फिकट करडा बसविला. अर्ध्या मिनिटाचे काम.

मंडळी, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याचे नाव येथे घेत नाही. मधल्या सुट्टीनंतर तो वर्गात आला नाही म्हणून आम्ही पाहावयास गेलो, तो शाळेमागे फुटक्या कौलांचे आणि खडूंचे तुकडे जुळवून बैलजोडी मांडीत बसलेला. एका बैलास शिंगे व्हावयाची होती. आम्ही ती बैलजोडी पायाने विस्कटून टाकली आणि त्यास तासभर उभे केले. घंटा न ऐकणे ही त्याची चूक एका चौकोनाएवढी होती. आम्ही सारा तक्ता मोडला. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. ते आमच्यामुळेच, असे म्हणत नाही. घरची गरिबी होतीच. मात्र त्यानंतर आमच्या वर्गात त्याने पुन्हा कधी काही मांडले नाही, हे आम्हांस स्पष्ट आठवते. पुढे इतकी वर्षे तांबड्या शाईने आम्ही चुका दाखवीत आलो. चूक तेवढी काढून बाकीचे जपावे, हे एका सातवीतील मुलीने आम्हांस शिकविले. तो आज कोठे असेल तेथे त्याची आम्ही क्षमा मागतो.

आता दोन सूचना करून आपली रजा घेतो. पहिली पालकांस. हे खेळणे महाग आहे, हे खरे. त्यातही पुष्कळ खोक्यांबरोबर ठरीव चित्राची पुस्तिका येते. मूल ते एकदा जुळविते, आपण ते काचेच्या कपाटात ठेवतो आणि कुलूप लावतो. कृपा करून तसे करू नये. ठरीव चित्र झाले की ते मोडू द्यावे आणि त्याच विटांतून मुलास स्वतःचे काही करू द्यावे. तीन वर्षांखालील मुलांपासून मात्र हे बारीक तुकडे दूर ठेवावेत. ती ते तोंडात घालतात.

दुसरी सूचना संस्थेस. आपल्या वाचनालयात एक लाकडी पेटी ठेवावी. ज्या घरांतील मुले मोठी झाली त्यांनी माळ्यावर पडलेल्या विटा, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, धुऊन तीत आणून टाकाव्यात. ज्या घरांस खोके विकत घेणे परवडत नाही त्यांच्या मुलांनी रविवारी यावे आणि खेळावे. आमची नात आपल्या अर्ध्या विटा देणार आहे. पुढील स्नेहसंमेलनात या सभागृहाच्या भिंतीवर आपल्या मुलांनी केलेले एक मोझेक लागावे, एवढी इच्छा आहे. त्यात एखादा चौकोन चुकला तर कोणी रागावू नये. तो काढून नीट बसविण्यास आम्ही शिडी घेऊन स्वतः येऊ.