मागच्या रांगेतली गिटार

आम्ही पाच जणी नाशिकहून आलोय. एक शाळेत शिकवते, एक बँकेत काउंटरवर असते, एकीची पिठाची गिरणी आहे, एक शिवणकाम करते आणि एक नर्स आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही जमतो आणि रॉक आणि ब्लूज म्हणतात तसली इंग्रजी गाणी वाजवतो. हौशी बँड आहे आमचा. गाणी आमची नाहीत, दुसऱ्यांनी केलेली, जगभर गाजलेली. केंद्रातल्या ताई म्हणाल्या, तुमच्या गाण्यांबद्दल बोला. आम्ही म्हटलं, गाण्यांबद्दल सगळेच बोलतात, आम्ही एका वाद्याबद्दल बोलतो. ते वाद्य म्हणजे बास गिटार. आमची गिरणीवाली ती वाजवते.

तुमच्या गावात जत्रेला ऑर्केस्ट्रा येतो ना? पुढे गाणारी असते, झगमगीत साडी नेसलेली. तिच्या बाजूला एक जण गिटार घेऊन केस उडवत असतो. पण मागे, ड्रमवाल्याच्या शेजारी, आणखी एक जण लांब मानेची गिटार घेऊन शांत उभा असतो. तो फारसा हलत नाही. त्याच्याकडे कुणी बघत नाही, शिट्टी मारत नाही. तो वाजवतो ती बास गिटार. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला बहुतेक वेळा चारच, पण जाड. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. तेवढा खालचा आवाज कानापेक्षा छातीला आणि पायाच्या तळव्यांना जास्त कळतो. सगळ्यात बारीक तारेचा आवाज ऐकायचा असेल तर गावातल्या डीपीजवळ उभ्या राहा, अर्थात लांबूनच. तो जो ‘घुंऽऽ’ असा सारखा आवाज येतो, तो सेकंदाला १०० थरथरींचा असतो, आणि बासची बारीक तार ९८ ची. म्हणजे ही सगळ्यात उंच मोकळी तार डीपीएवढी, बाकीच्या तीन तिच्याही खाली.

भजनी मंडळातल्या बायांना हे लगेच कळेल. मृदंगाच्या धुमेला, म्हणजे डाव्या बाजूला, कणीक लावतात. ती कणीक काढून टाका आणि भजन म्हणून बघा. टाळ वाजतील, शब्दही ऐकू येतील, पण जमिनीला काही लागणार नाही. बास नसलेलं गाणं तसंच पोकळ होतं. तुम्ही मोबाईलवर गाणी ऐकता तेव्हा बास जवळजवळ गेलेलीच असते, कारण एवढ्याशा स्पीकरमधून इतका खालचा आवाज निघतच नाही.

हे वाद्य फार जुनं नाही. आधी या कामाला उभा बास होता, माणसाहून उंच असं सारंगीच्या जातीचं लाकडी धूड. तो वाहून न्यायचा म्हणजे गाडीच्या टपावर बांधायचा, आणि बाकी वाद्यं विजेवर वाजायला लागली तेव्हा त्याचा आवाज त्यात बुडायचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्तीवाला होता. त्यानं १९५१ साली गिटारीसारखी गळ्यात अडकवायची, विजेवर वाजणारी बास बाजारात आणली. तिच्या मानेवर धातूच्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे बोट नेमकं कुठं ठेवायचं ते कळावं. नावही ‘प्रिसिजन’ ठेवलं, म्हणजे नेमकेपणा. गंमत अशी की या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

आता ब्लूज म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या आसपास, कापसाची मोठमोठी शेतं होती. तिथं राबणारे काळे लोक आधी गुलाम होते, नंतर नावाला स्वतंत्र झाले, पण कर्जात आणि मारझोडीत अडकलेलेच. त्यांच्या कामाच्या हाकांतून आणि दुःखाच्या गाण्यांतून ब्लूज तयार झालं. कापूस वेचणाऱ्या बाईला कंबर कशी दुखते आणि बोंडाची टोकं बोटांना कशी टोचतात हे आम्ही तुम्हाला काय सांगायचं! जात्यावरच्या ओवीसारखंच या गाण्यातही मन मोकळं करणं असतं. रचनाही साधी असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं.

या तीन ओळी बारा घरांत बसतात. आम्ही ही बारा घरं हाताच्या पेरांवर शिकलो आणि तुम्हालाही तशीच शिकवतो. अंगठा सोडून चार बोटं धरा, प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे झाली बारा. एका पेरावर चार मोजायचे. करंगळीची तिन्ही पेरं ‘सा’, म्हणजे आपलं घर. तिच्या शेजारच्या बोटाचं पहिलं पेर अजून ‘सा’, मग दोन पेरं ‘म’. मधल्या बोटावर पुन्हा दोन ‘सा’ आणि शेवटचं ‘प’. अंगठ्याजवळच्या बोटावर एक ‘म’ आणि दोन ‘सा’, की आलो परत घरी. एवढंच. हजारो गाणी या बारा पेरांवर उभी आहेत. गाणारी कुठंही भटको, गिटारवाली कितीही करामती करो, आता ‘म’ आला, आता ‘प’ आला हे खालून सांगणारी बासवाली असते. ती एक घर चुकली तर ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारीच चुकली. आणि ती बरोबर असली तर कुणाला काहीच वाटत नाही.

आम्हाला पुष्कळदा टोमणा मिळतो, उसनी गाणी काय वाजवता? आमचं म्हणणं असं की तुम्ही भजनात जनाबाईचा अभंग म्हणता तेव्हा कुणी उसना म्हणत नाही. पण एक गोष्ट आम्ही पाळतो. गाणं आधी कुणी म्हटलं ते वाजवण्याआधी सांगतो. ‘हाउंड डॉग’ नावाचं एक गाणं आहे. जगाला ते एल्विस प्रेस्ली या गोऱ्या गायकाचं म्हणून माहीत आहे. त्यानं ते १९५६ साली म्हटलं. पण त्याच्याआधी, १९५२ साली, ते बिग मामा थॉर्नटन या काळ्या बाईनं रेकॉर्ड केलं होतं, आणि गीतकारांनी ते लिहिलंही होतं तिच्यासाठीच. तिचंही गाणं तेव्हा गाजलं, पण पुढे नाव उरलं एल्विसचं. आम्ही ते बाईच्या चालीवर वाजवतो, संथ आणि ठसक्यात.

अशीच आणखी एक बाई, कॅरोल के. जन्म १९३५ चा. घरची गरिबी, म्हणून कोवळ्या वयातच गिटार शिकवून घराला हातभार लावायला लागली. १९६३ साली लॉस एंजेलिसमधल्या एका स्टुडिओत बास वाजवणारा आलाच नाही, म्हणून हिच्या हातात बास दिली. तिथून ती बासवरच राहिली. पोरं सांभाळून दिवसाला दोन-तीन रेकॉर्डिंगं करायची, खोलीत बाकी बहुतेक सगळे पुरुष. ती हजारो रेकॉर्डिंगांत वाजली आहे. बीच बॉईज या बँडच्या ‘पेट साउंड्स’ या १९६६ च्या गाजलेल्या रेकॉर्डवरही तिची बास आहे. पण त्या काळी असं मागं वाजवणाऱ्यांची नावं रेकॉर्डच्या पाकिटावर छापायची पद्धतच नव्हती. लोकांनी गाणी वर्षानुवर्षं ऐकली आणि ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. नंतर तिनं बास शिकवणारी पुस्तकं लिहिली, ती अजून चालतात. आपल्याकडे आज मुंबईची मोहिनी डे आहे, वडिलांकडून बास शिकलेली. ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवते आणि जगभर कार्यक्रम करते. ती मात्र मागं उभी राहत नाही, मध्यभागी उभी राहते. आम्हाला ते बघायला फार आवडतं.

आता आमच्या गिरणीवालीचं. तिला भिशी लागली त्या पैशांतून तिनं सात हजारांना जुनी बास घेतली. घरी सांगितलं, गिरणीचा पट्टा बदलायचाय. बास गळ्यात अडकवली की वजन चार किलोच्या आसपास, म्हणून पट्टा रुंद लागतो, नाहीतर खांदा जातो. हा पट्टा मात्र तिनं खरंच घेतला. पहिले दोन महिने बोटांना फोड आले. खुरपं धरणाऱ्या हातांना जसे घट्टे पडतात तसे बोटांच्या टोकांना घट्टे पडले, मग दुखायचं थांबलं.

तीन वर्षं ती वाजवत होती. मग तिच्या सासूबाईंना लकवा मारला आणि तिचं येणं बंद झालं. तिनंच निरोप धाडला, माझी जागा भरा. आम्ही एका क्लासमधला मुलगा घेतला. हात फार तयार होता त्याचा. अवघड गाणी आम्ही वाजवायला लागलो, कार्यक्रमही वाढले. पण गाणारी श्वास घ्यायला थांबली की तो तिथं काहीतरी भरायचाच. बासमध्ये न वाजवण्याची जागा कळायला वेळ लागतो, आणि त्याचं वय वीस.

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या आणि महिनाभरानं गिरणीवाली बास घेऊन दारात उभी राहिली. बोटं मऊ पडलेली, लय सुटलेली. कार्यक्रम तीन आठवड्यांवर. आमच्यात खरं भांडण झालं. नर्स म्हणाली, दोन वर्षं त्या पोरानं आपल्याला धरून ठेवलं, आता त्याला जा म्हणायचं? शिक्षिका म्हणाली, ती मजेला गेली नव्हती, घरातलं दुखणं काढत होती, आणि तेवढ्यापायी तिची जागा गेली तर आपल्यातल्या प्रत्येकीची कधी ना कधी जाणार. दोघींचंही खरं होतं. शेवटी आम्ही गाणी वाटली. संथ ब्लूज तिला, पळती गाणी त्याला. सहा महिने असं एकाच बँडमध्ये दोन बास चाललं, लोक हसले. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. तो गेला तेव्हा आम्ही मोठ्या बँडच्या रांगेतून बाहेर पडलो हे खरं आहे, आणि आमच्यातल्या दोघींना अजून त्याची हळहळ वाटते. गिरणीवालीला हे माहीत आहे. तिच्यासमोरच बोलतोय आम्ही.

पैशांचंही एक सांगायला हवं. एका कार्यक्रमात आमच्या आधी पुरुषांचा बँड होता. आयोजकांनी त्यांना पाकीट दिलं आणि आम्हाला शाल-श्रीफळ. वर म्हणाले, तुमची काय, हौस आहे. नारळाच्या पाच वड्या होतात, पण त्यात टेम्पोचं भाडं निघत नाही. तेव्हापासून आम्ही बोलणी फोनवर करत नाही. आकडा, जाण्यायेण्याचं भाडं आणि रात्री घरापर्यंत गाडी, हे तिन्ही कागदावर लिहून घेतो. काही ठिकाणी मग बोलावणं येत नाही. तुमच्यात कुणाचं लेझीम पथक किंवा भजनी मंडळ बाहेरगावी जात असेल तर गाडीची अट आधी लिहून घ्या.

नर्स म्हणते, कानाचं बोलल्याशिवाय उठू देणार नाही. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ऐकला तरी साधारण चालतं, असा कामगारांसाठीचा हिशेब आहे. त्यावर प्रत्येक तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. वरातीतल्या डीजेच्या भिंतीपुढं पोरं तास तास नाचतात, खांद्यावर तान्ही बाळं असतात. गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. औषधाच्या दुकानात फोमची बुचं मिळतात, आम्ही ती घालूनच वाजवतो. लहान मुलांना मात्र लांबच न्या. बासचा आवाज भिंतीतूनही पार जातो, म्हणून शेजाऱ्यांना गाणं ऐकू येत नाही, नुसतं ‘धुम्म धुम्म’ ऐकू येतं. आमच्या शेजारच्या आजींनी यावर आम्हाला जे सुनावलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. आता आम्ही साडेआठला थांबतो.

एक घरगुती युक्ती सांगतो आणि वाजवायला घेतो. बासच्या तारा महाग असतात. जाड तारेवर बारीक तारेचे वेढे असतात, त्यांत घाम आणि मळ बसला की आवाज मंद होतो. अशा वेळी गिरणीवाली तारा सोडवते, जुन्या पातेल्यात दहा मिनिटं उकळते, कोरड्या फडक्यानं पुसून पुरत्या वाळवते आणि पुन्हा चढवते. पाणी काळं होतं आणि तारा काही दिवस नव्यासारख्या वाजतात. पातेलं अर्थात पुन्हा स्वयंपाकाला नाही.

आता आम्ही बारा पेरांचं वाजवतो, शब्दांशिवाय. पहिल्या वेळी नुसती बास वाजेल. करंगळीपासून मोजत या, एका पेरावर चार. दुसऱ्या वेळी बाकीच्या जणी येतील. तिसऱ्या वेळी बास मध्येच थांबेल. ती कुठल्या पेरावर थांबली ते केंद्राच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकून कळवा.