पटावरचे नाव आणि विशेष शिक्षणाचे अनुदान
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या मेळाव्यात आपण बहुधा गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करतो आणि ते करावेच. आज मात्र मी अशा मुलांविषयी बोलणार आहे की ज्यांचे नाव गुणवत्ता यादीत तर नाहीच, पण पुष्कळदा शाळेच्या पटावरही नसते. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे हातपाय साथ देत नाहीत, कुणाची समज वयाच्या मानाने मागे असते. जुन्या कागदांत अशांना अपंग म्हणत, आता शासन दिव्यांग म्हणते. शब्द बदलला, पण अशा मुलाला घरातच ठेवण्याची आपली सवय फारशी बदललेली नाही. या मुलांसाठी पैसा कोठून येतो, शिक्षक कसा मिळतो आणि तो आपल्या शाळेपर्यंत का पोहोचत नाही, एवढाच माझा आजचा विषय आहे.

अशा मुलांना साध्या शाळेतच शिकवावे, हा विचार नवा नाही. केंद्र सरकारने 1974 साली त्यासाठी एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. प्रारंभी ती समाजकल्याण खात्याकडे होती, 1982 साली शिक्षण खात्याकडे आली. पुढे 2009 मध्ये नववी ते बारावीसाठी वेगळी योजना निघाली. 2018 पासून हे सारे 'समग्र शिक्षा' या एकाच योजनेत आले आहे. महाराष्ट्रात तिच्या खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा असतो.

पालकांनी दोन वाटा लक्षात ठेवाव्यात. पहिली वाट स्वतंत्र विशेष शाळेची. अंध, मूकबधिर, मतिमंद मुलांच्या या शाळा शिक्षण खात्याकडे नसतात. 2022 पासून राज्यात दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला असून त्या त्याच्याकडे आहेत. मान्य अनुदानित शाळेला शिक्षकांच्या वेतनासाठी अनुदान मिळते, निवासी मुलांसाठी परिपोषण अनुदान असते. दुसरी वाट आपल्या वस्तीतल्या साध्या शाळेची. तेथे समग्र शिक्षेतून दर दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला 3,500 रुपयांची तरतूद आहे. त्यातून साहित्य, ब्रेल पुस्तके, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता अशा गरजा भागवायच्या असतात. मुलींना दरमहा 200 रुपयांप्रमाणे दहा महिने विद्यावेतन आहे. विशेष शिक्षकाचा खर्च याहून वेगळा धरतात.

3,500 रुपये म्हणजे दिवसाला दहा रुपयेही होत नाहीत. ही रक्कम अपुरी आहे, हे मी शिक्षक म्हणून उघडपणे सांगतो. पण यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर दर 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरावर दर 15 मुलांमागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना ही पदे मंजूर करून भरण्यास पुन्हा बजावले. आपल्या राज्याने 2024 मध्ये केंद्रनिहाय एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची 4,860 पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला.

आता हिशेब पाहा. दहा मुलांमागे एक शिक्षक, पण ही दहा मुले मोजायची कोठून? शाळा दरवर्षी यू-डायसमध्ये जी माहिती भरते तिच्यातून. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा त्याच आकड्यांवर उभा राहतो. एखाद्या वस्तीत अशी बारा मुले असतील आणि त्यांपैकी चारच पटावर असतील, तर शासनाच्या लेखी तेथे चारच मुले आहेत. उरलेल्या आठांसाठी कुणी पैसा मागत नाही आणि कुणी देतही नाही. मग शाळा म्हणते, शिक्षक नाही म्हणून मूल घेता येत नाही. पालक म्हणतात, शाळेत सोय नाही म्हणून मूल पाठवत नाही. हे चक्र कुठूनतरी तोडावे लागेल, आणि ते पटावरच्या नावापासूनच तुटेल.

नाव का लपवले जाते, हे मला ठाऊक आहे. दाखला काढला तर चारचौघांत गोष्ट होईल, मोठ्या मुलीचे स्थळ मोडेल, अशी भीती घराघरांत आहे. शिवाय खर्च आहे. धुळ्यात यंत्रमागावर राबणाऱ्या बापाचा किंवा रावेरच्या केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या आईचा दिवस बुडाला, तर संध्याकाळच्या चुलीचा प्रश्न येतो. एका खेपेत तपासणी झाली नाही, तर दुसरी खेप होत नाही. म्हणून मी केवळ पालकांना दोष देणार नाही. संस्थेने आणि मोहल्ल्यातील जाणत्यांनी अशा मुलांना एकत्र करून, ठरल्या दिवशी एका गाडीने रुग्णालयात नेले, तर आठ घरांची मजुरी वाचेल आणि लाजही वाटून घेतली जाईल.

काम अवघड नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा, मग जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, ज्याला आपण अजून सिव्हिलच म्हणतो, किंवा धुळ्यात शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार धरले आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, सिकलसेल हेही त्यात येतात. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्याला तासाला 20 मिनिटे जादा मिळतात आणि गरजेप्रमाणे लेखनिकही. दाखला हाती आला की त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्या आणि यू-डायसमध्ये नोंद झाली का, हे विचारा. विचारण्यात संकोच नको.

आता संस्थाचालकांना एक नम्र विनंती. 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. त्यावरून कुणी असे समजू नये की ही मुले आपली जबाबदारी नाहीत. 2016 चा कायदा शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या सर्व शाळांविषयी बोलतो आणि प्रवेशात भेदभाव नको म्हणतो. आपली शाळा समाजाने समाजासाठी काढली. तिच्या दारातून समाजाचेच मूल परत जावे, हे शोभणारे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, एक शब्द तुमच्यासाठी. विशेष शिक्षक होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. ज्या मुलाच्या घरी उर्दू बोलली जाते आणि गल्लीत अहिराणी, त्याला या दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक मिळाला तर त्याचे अर्धे काम सोपे होते. असे शिक्षक तुमच्यातूनच तयार व्हायचे आहेत. जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग मुले-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. एकदा जाऊन पाहा. इजिप्तचे ताहा हुसेन यांची दृष्टी बालपणीच गेली होती, 1950 मध्ये ते आपल्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवले असते, तर देशाचे किती नुकसान झाले असते!

अनुदान वाढावे, पदे भरावीत, शिक्षकांचे पगार वेळेवर व्हावेत, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण मागणीला बळ आकड्याचे असते आणि आकडा आपल्या घरातून जातो. पुढील जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आपल्या गल्लीतील असे एक तरी नाव पटावर चढवण्याचा निश्चय आपण येथून उठताना करावा.