धुराड्यातील गंधकाचा जमाखर्च

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



प्रदूषण हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की, त्याला माप असते हेच विसरून जातो. हवा बिघडली असे सारेच म्हणतात. किती बिघडली, कोणामुळे, आणि हे ठरवले कसे, असे कोणी विचारत नाही. आज मी एकाच वायूविषयी बोलणार आहे. तो म्हणजे सल्फर डायऑक्साइड. आगपेटीची काडी ओढताच नाकाला झोंबतो, तो दर्प याचाच. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालेय पुस्तकापुरता. तरीही या वायूचे गणित मला उमगते, कारण मुळात ते वाण्याच्या वहीतले गणित आहे. जे आत गेले, ते कोठेतरी बाहेर निघालेच पाहिजे.

कोळसा, डिझेल, फर्नेस ऑइल या साऱ्यांत कमीअधिक गंधक असते. जळताना ते नाहीसे होत नाही, प्राणवायूशी संयोग पावते. गंधकाचा अणुभार ३२ आणि त्याला येऊन मिळणाऱ्या प्राणवायूच्या दोन अणूंचा मिळून भारही ३२. म्हणजे एक किलो गंधक जळाले की दोन किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. आता ५०० मेगावॅटचा एक संच उदाहरणादाखल घ्या. पूर्ण क्षमतेने चालला तर तो दिवसाला सुमारे आठ हजार टन कोळसा खातो. त्या कोळशात अर्धा टक्का गंधक धरले, तर ते झाले ४० टन. दुपटीने ८० टन वायू. थोडे गंधक राखेत अडकून राहते, तेवढे वजा करा. एका संचाचा, एका दिवसाचा हिशेब पूर्ण झाला. धूलिकणांचा वा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा अंदाज इतका सरळ नसतो. तेथे ज्वालेचे तापमान, भट्टीची रचना, यंत्राची निगा असे अनेक घटक आड येतात. गंधक त्यामानाने प्रामाणिक.

अर्थात वजाबाकीची बाजू नीट मांडावी लागते. सिमेंटच्या भट्टीत तेच इंधन जाळले तरी बरेचसे गंधक चुन्याशी संयोग पावून क्लिंकरमध्येच राहते; तेथे वीजकेंद्राचा उत्सर्जन गुणांक लावला तर आकडा भलताच फुगेल. उलट तांब्याच्या कारखान्यात गंधक इंधनातून नव्हे, खुद्द खनिजातून येते. तेथे तो वायू पकडून गंधकाम्ल बनवतात. वाहनांच्या डिझेलमधील गंधक मात्र तेलशुद्धीकरण कारखान्यातच काढून घ्यावे लागते, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर ते दहा लाख भागांत दहा भागांवर आले. हे काम आपण केले आणि ते लहान नव्हे. राहिला तो मुख्यत्वे कोळसा.

येथून वादाला तोंड फुटते. २०१७ साली अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहावरील उपकरणाच्या आधारे मांडले की, २००७ पासून चीनचे सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटले आणि भारताचे ५० टक्क्यांनी वाढले. कोळशाचा वापर वाढूनही चीनने हे साधले, कारण धुराड्यांना गंधक धुणारी संयंत्रे बसवली आणि चालवली. अशी बातमी आली की आपल्यातील अनेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: परकीयांना आमची प्रगती पाहवत नाही. असेल तसेही. पण उपग्रहाला खोटे पाडायचे तर आपली वही उघडावी लागेल, आणि वहीतला आकडा तर कोळशाच्या टनांतूनच निघतो.

दुसरा प्रश्न असा की, मोजायचे कोठे? आपल्या मानकानुसार निवासी व औद्योगिक भागांतील हवेत हा वायू चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला ८० मायक्रोग्रॅमच्या आत हवा. बहुतेक शहरांत तो तसा असतोही. मग काळजी कशाची? मोठ्या संचांच्या चिमण्या २७५ मीटर उंच असतात. खाली उभ्या माणसाच्या नाकाला दर्प येऊ नये, हाच त्या उंचीचा हेतू. उंच सोडलेला वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो आणि वाटेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो. त्यात शेतीतून व गोठ्यातून येणारा अमोनिया मिसळला, तर संपूर्ण रूपांतर झाल्यास एक टन वायूपासून दोन टनांहून थोडे अधिक अमोनियम सल्फेट होते. गावातले यंत्र तेव्हा सल्फर डायऑक्साइड कमी दाखवते आणि पीएम २.५ अधिक. शेजाऱ्याच्या अंगणात ढकललेला केर आपल्या घरात मोजला, तर घर स्वच्छच दिसणार.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी या वायूची मर्यादा प्रथमच ठरवली. मुदत दोन वर्षांची होती. ती पुनःपुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तर सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक संचांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतून मोकळे केले. त्यामागचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे: आपल्या कोळशात गंधक कमी, संयंत्रांचा खर्च अवाढव्य, ती चालवायला वीज लागते, चुनखडी खणावी लागते, वर कार्बन डायऑक्साइड वाढतो. हे मुद्दे खोटे नाहीत. मात्र परिसरातील हवा मानकांच्या आत आहे, हा त्यातला आधार मला पटत नाही. त्याचे कारण वर आले आहे. गंधक टक्केवारीने कमी खरे, पण जळणारा कोळसा कोट्यवधी टनांत मोजला जातो.

आपल्याच महाराष्ट्रात डहाणूचे उदाहरण आहे. १९९५ मध्ये सुरू झालेले ५०० मेगावॅटचे ते केंद्र चिकूच्या बागांच्या पट्ट्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या प्राधिकरणाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधक धुण्याचे संयंत्र बसवण्यास सांगितले. ते उभे राहिले २००७ मध्ये. तेथे समुद्राच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यानेच धूर धुतला जातो. आठ वर्षे लागली, पण देशभरच्या नियमाच्याही आठ वर्षे आधी ते घडले. विदर्भाला समुद्र नाही, हे मान्य. तेथे चुनखडी लागेल आणि खर्च वाढेल. तो पेलायचा की नाही हे ठरवण्याआधी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते ठाऊक हवे.

चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॅटचे. कोणत्या केंद्रात किती कोळसा आला आणि किती जळला, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. कोळशाचा भाव उष्मांकावर ठरतो, म्हणून उष्मांकाची तपासणी काटेकोर होते आणि तिच्यावरून भांडणेही होतात. गंधकावर भाव ठरत नाही, त्यामुळे त्याच्या टक्केवारीवरून कोणी भांडत नाही. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे आणि हे केंद्र शासकीय कंपनीचे आहे. आपल्यापैकी कोणी चंद्रपूरहून आले असेल, तर त्याने अर्जात इतकेच लिहावे: गेल्या बारा महिन्यांत जाळलेल्या कोळशातील गंधकाची महिनावार सरासरी टक्केवारी द्यावी. उत्तर आले की तो आकडा कोळशाच्या टनांशी गुणायचा, आणि दोनाने.