वृत्ती तेरिगे

बंगळुरात नव्याने आलेल्या मराठी माणसाला 'वृत्ती तेरिगे' हे शब्द ऐकून गंमत वाटते. तेरिगे म्हणजे कर, एवढं कानडी महिन्याभरात कळतं. पण वृत्तीवर कर? मग तापट माणसाला किती पडत असेल? कानडीत वृत्ती म्हणजे व्यवसाय; तसं पाहिलं तर जुन्या मराठीतही जोश्या-कुलकर्ण्यांच्या वृत्ती होत्याच. आपण ज्याला प्रोफेशन टॅक्स म्हणतो, तोच हा.

आता इथल्या नगरथपेठेतले आपले विटा-खानापूरकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, घ्या. समजा, एकाचं गावाकडेही दुकान आहे, तिथला प्रोफेशन टॅक्सचा नंबर आहे. तो इथे चालतो का? नाही. महाराष्ट्राचा कायदा 1975 चा, कर्नाटकाचा 1976 चा. नोकर जिथे काम करतो, तिथल्या सरकारचा हा कर. तेव्हा इथला नंबर वेगळा, वाणिज्य कर खात्याच्या ई-प्रेरणा संकेतस्थळावरून काढायचा.

खरा घोळ पुढेच आहे, कारण नंबर दोन असतात. नोकरांच्या पगारातून कापलेला कर रजिस्ट्रेशनच्या नंबरावर जातो, दरमहा, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत. मालकाचा स्वतःचा कर एनरोलमेंटच्या नंबरावर, वर्षातून एकदा, 30 एप्रिलपर्यंत. एकाचे पैसे दुसऱ्यावर भरले, की निस्तरत बसा.

किती कापायचा? महिना पगार 24,999 असेल तर काही नाही. 25,000 झाला की 200. म्हणजे एक रुपयाची पगारवाढ नोकराला 199 रुपयांना पडते! पगारवाढीचा आकडा ठरवताना एवढं बघावं. आणि एप्रिल 2025 पासून फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 कापायचे. फेब्रुवारीनं काय घोडं मारलंय? राज्यघटनेच्या कलम 276 प्रमाणे हा कर वर्षाला 2,500 च्या वर नेता येत नाही. ही मर्यादा आधी 250 होती, ती 1988 साली वाढवली. दरमहा 200 प्रमाणे 2,400 होतात. उरलेले 100 फेब्रुवारीच्या माथी. महाराष्ट्रात हा फेब्रुवारीचा हिशेब आधीपासूनच होता, त्यामुळे तिकडून आलेल्या मुनीमजींना नवल वाटायचं नाही.

एक राहिलं. पुढेमागे इथली भट्टी बंद करून गावी परतलात, तर अर्ज देऊन दोन्ही नंबर रद्द करून घ्या. नाहीतर तुम्ही विट्याला आणि नोटीस नगरथपेठेतल्या बंद दाराला.