उजेडाकडे पाठ
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



शाळेत असताना या व्यासपीठावर मी चढलो तो फक्त सतरंज्या घालायला. त्यामुळे "तू फोटो काढतोस, तर फोटोवरच दहा मिनिटं बोल" असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मग वाटलं, एक जुनं देणं राहिलंय, ते फेडायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

आपल्या रौप्यमहोत्सवी मेळाव्याचा समूहफोटो तुमच्यापैकी बहुतेकांकडे आहे. आहे म्हणजे काय, आकाश छान आहे, मैदानापलीकडची झाडं छान आहेत आणि मध्ये चाळीस काळ्या आकृत्या आहेत. कोण कुठे उभं आहे हे आपण उंचीवरून आणि टकलावरून ओळखतो. तो फोटो मी काढला होता. तेव्हा तुम्ही विचारलंत, तर मी म्हणालो, "कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे." ते खोटं होतं. कॅमेरा नवाकोरा होता. बिघाड माझ्यात होता.

झालं असं की, पहिल्या रांगेत मधोमध आपले गणिताचे सर बसले होते. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, समोरचं ऊन सहन होत नव्हतं. म्हणून आपण सगळ्यांनी उन्हाकडे पाठ केली. निर्णय बरोबर होता. मी मात्र काही न बदलता बटण दाबलं, मागच्या पडद्यावर आकाशाचा रंग पाहून खूश झालो आणि जेवायला पळालो.

पुढच्या पावसाळ्यात सर गेले. त्यांच्या घरून मला फोन आला, "मेळाव्यातला सरांचा फोटो मोठा करून मिळेल का? त्या दिवशी ते फार आनंदात होते." मी दोन रात्री कॉम्प्युटरवर बसलो. चेहरा उजळला की तो रव्यासारखा दाणेदार व्हायचा, चष्म्यामागचे डोळे सापडायचेच नाहीत. शेवटी भिंतीवर लागला तो पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला फोटो.

आता हे का झालं, ते सरांच्याच भाषेत सांगतो. सरासरी शिकवताना ते म्हणायचे, "नदीची सरासरी खोली तीन फूट आहे म्हणून उतरू नका, मध्ये बुडाल." कॅमेरा नेमका सरासरीवर उतरतो. समोरच्या दृश्यात किती उजेड आहे ते तो मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करड्या रंगाइतकं दिसेल असा हिशेब लावतो. मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा. दृश्यात निम्म्याहून जास्त लख्ख आकाश असेल, तर कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला. तो कमी करतो. त्यात आपले चेहरे बुडतात.

"पण आम्हाला तर समोर उभं राहून चेहरे नीट दिसत होते," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आपले डोळे आकाश पाहताना वेगळे आणि चेहरा पाहताना वेगळे जुळवून घेतात, आणि मेंदू दोन्ही एकत्र करून दाखवतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच हिशेब मांडता येतो. आजचे कॅमेरे हुशार झालेत, चेहरा ओळखतात, चौकटीचे तुकडे पाडून मोजतात. तरी मागून जोराचा उजेड असला की चुकतातच. या फोटोत तुम्हाला आकाश हवंय की सर हवेत, हे त्याला आपणच सांगावं लागतं.

सांगायचं कसं? पाच गोष्टी.

पहिली, अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं बटण. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांवर ते असतं. मागून उजेड असेल तर अधिक एकपासून सुरुवात करा, गरज पडली तर अधिक दोनपर्यंत जा. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट होतो. म्हणजे कॅमेरा सेकंदाचा हजारावा भाग म्हणत असेल, तर अधिक एकला पाचशेवा, अधिक दोनला अडीचशेवा. आकाश पांढरं पडेल. पडू द्या. आकाश उद्याही आहे. मात्र काम झालं की आकडा शून्यावर आणा. मी एकदा विसरलो आणि भाचीच्या लग्नातली सगळी शेवंती पांढरी केली.

दुसरी, स्पॉट मीटरिंग. यात कॅमेरा चौकटीतला एक छोटा ठिपकाच मोजतो. तो ठिपका चेहऱ्यावर धरा, मोजलेलं कुलूपबंद करणारं बटण दाबून ठेवा आणि मग चौकट हवी तशी जुळवा. चेहरे लांब असतील तर स्वतःचा तळहात त्यांच्यावर पडतोय तशाच उजेडात धरून मोजा आणि अधिक एक द्या. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक पायरी उजळ असतो.

तिसरी, समोरून थोडा उजेड द्या. एकदोन माणसं असतील तर भर दुपारीसुद्धा फ्लॅश वापरा. पण कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तीन-चार मीटरपर्यंतच कामाचा, चाळीस जणांच्या घोळक्याला तो पुरत नाही. जवळच्या माणसासाठी थर्माकोलचा पांढरा पत्रा किंवा पांढरी चादर समोर धरली, तरी चेहरा उजळतो.

चौथी, काढलेला फोटो तिथेच तपासा, पण पडद्याच्या चमकेवर विश्वास ठेवू नका. हिस्टोग्राम पाहा. डावीकडे ढीग म्हणजे काळोख, उजव्या भिंतीला चिकटलेला ढीग म्हणजे पांढरं पडून गेलेला भाग. पांढऱ्यात गेलेलं परत येत नाही, काळोखातलं थोडंफार येतं. पण किती येतं ते मी सरांच्या फोटोत पाहिलं. म्हणून चेहरा दोन्ही भिंतींपासून लांब ठेवा. जमलं तर रॉमध्ये काढा, नंतर दुरुस्तीला जास्त वाव राहतो.

पाचवी मोबाईलवाल्यांसाठी, म्हणजे इथल्या जवळजवळ सगळ्यांसाठी. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. बहुतेक फोनमध्ये शेजारी छोटा सूर्य किंवा पट्टी दिसते, ती सरकवून चेहरा उजळवा आणि मग बटण दाबा. दोन सेकंदांचं काम आहे.

आणि एक इशारा. काचेच्या खिडकीतून पाहायचा कॅमेरा असेल तर त्यातून थेट सूर्याकडे पाहू नका, डोळ्यांना इजा होते. सूर्य चौकटीबाहेर ठेवा, लेन्सवर हाताची सावली धरा. फोटोवर धुरकट पांढरेपणा येत नाही.

उजेडाकडे पाठ करणं वाईट नाही, हेही सांगितलं पाहिजे. कुणाचे डोळे बारीक होत नाहीत, कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि केसांना सोनेरी कड येते. आपल्यापैकी ज्यांना अजून केस आहेत त्यांना. काळी आकृतीसुद्धा सुंदर दिसते, मुद्दाम काढली असेल तर. मी ती नकळत काढली, हीच चूक.

आज संध्याकाळी पाच वाजता त्याच पायऱ्यांवर समूहफोटो आहे. बाई, सर, तुम्हाला उन्हाकडे तोंड करायला लावणार नाही. तुम्ही आरामात बसा, सगळे उन्हाकडे पाठ करूनच उभे राहू. मी आधी माझा तळहात पाहत उभा राहीन. भविष्य बघतोय म्हणून हसू नका. एक फोटो काढून मी पुढे येईन, प्रत्येक चेहरा मोठा करून पाहीन, आणि मग पुन्हा काढीन. तेवढी पाच मिनिटं जेवणाकडे पळू नका.

सरांच्या घरीही त्याची एक प्रत देणार आहे. त्यात सर नसतील. पण मधली खुर्ची आपण रिकामी ठेवू, आणि ती यावेळी नीट दिसेल.