पाणपक्ष्यांच्या रक्षणास शिकाऱ्याची साथ
(आखाडा बाळापूर येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कळमनुरी तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगेवरील इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या पाण्याचे मोल येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु या जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणूनही घोषित झालेला आहे, याची जाणीव सर्वांना असतेच असे नाही. हिवाळा सुरू झाला की तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे पाहुणे उत्तरेकडून मराठवाड्यातील जलाशयांवर उतरतात. पट्टकदंब हा हंस तर हिमालयाची शिखरे ओलांडून येतो. अडई, हळदी-कुंकू बदक, टिबुकली ही मंडळी आपल्या देशातलीच. या सर्वांचे रक्षण कोणी करावयाचे, हा आजचा विषय आहे. माझे उत्तर असे की, ज्याला पक्षी कोठे उतरतो हे सर्वांत चांगले ठाऊक आहे, त्याला बरोबर घेतल्याखेरीज हे काम तडीस जाणार नाही. असा माणूस पुष्कळदा शिकारी असतो.

हे विधान काहींना विचित्र वाटेल. पण इतिहास त्याची साक्ष देतो. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत शिकारीचा छंद असणारे अनेक होते. डॉ. सालिम अली यांना या संस्थेच्या दारी नेले ते लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीने. ती कोणती, हे विचारण्यास त्यांच्या शिकारी मामांनी त्यांना तेथे धाडले होते. याच सालिम अलींनी पुढे १९३० च्या दशकाच्या आरंभी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला हिंगोलीचा मुलूख त्या काळी त्याच संस्थानात होता.

अमेरिकेचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९३० च्या दशकात तेथे भीषण अवर्षण पडले, पाणथळ जमिनी आटल्या आणि बदकांची संख्या झपाट्याने घटली. तेव्हा १९३४ साली असा कायदा झाला की, सोळा वर्षांवरील प्रत्येक बदक-शिकाऱ्याने एक डॉलरचे तिकीट विकत घ्यावे आणि तो पैसा पाणथळ जागांसाठी वापरावा. पहिल्या तिकिटाचे चित्र जे. एन. डार्लिंग या वृत्तपत्रीय व्यंगचित्रकाराने काढले. तो स्वतःही शिकारी होता. पुढे पक्षीनिरीक्षक आणि तिकिटे जमविणारे नागरिकही ते स्वखुशीने घेऊ लागले. या तिकिटाच्या उत्पन्नातून आजवर सुमारे साठ लाख एकर क्षेत्राचे रक्षण झाले आहे.

आपल्या देशाची वाट मात्र निराळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात काही पशुपक्ष्यांच्या शिकारीस परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. ते योग्यच झाले. म्हणून आपल्याकडे शिकाऱ्याशी सख्य करावयाचे ते त्याच्या बंदुकीशी वा जाळ्याशी नव्हे. त्याच्या ठायी असलेल्या ज्ञानाशी ते करावयाचे आहे. पाणी कोठे उथळ आहे, थवा कोणत्या वेळी चरावयास निघतो, घरटी कोणत्या लव्हाळ्यात असतात, हे ज्ञान शिकाऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले असते. कायद्याने शिकार थांबते. पण ते ज्ञान संरक्षणाच्या कामी आले नाही, तर एक तर ते लोप पावते किंवा चोरट्या मार्गाला लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शिकारी म्हटले की आपले बोट पटकन पारध्याकडे जाते. परंतु राजस्थानात भरतपूरच्या सरोवरावर १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, तेथे बंदुका प्रतिष्ठितांच्या हाती होत्या. पारध्यांसारख्या अनेक जमातींवर मात्र परकीय सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली कायद्याने पुसला गेला, तरी लोकांच्या मनातून तो अद्याप पुरता गेलेला नाही. ज्याच्याकडे आपण संशयाने पाहतो तो आपल्या कामात मनापासून सहभागी कसा होईल?

आपल्या शेजारच्या वाशीम आणि अकोला जिल्ह्यांत या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. तणमोर हा पाणपक्षी नव्हे, माळरानावरचा अतिशय दुर्मिळ पक्षी आहे. त्याचा शोध घेण्यास व त्याचे गवताळ रान राखण्यास 'संवेदना' या संस्थेने फासेपारधी समाजालाच हाताशी धरले. फासे लावणाऱ्यांच्या घरातील जाणते डोळे त्याच पक्ष्याचे राखणदार झाले.

पाण्यावरचे उदाहरण ओडिशातील मंगलाजोडी गावाचे. चिल्का सरोवराच्या काठी वसलेल्या या गावातील अनेक कुटुंबे पाणपक्षी मारून विकत. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील पक्ष्यांची संख्या काही हजारांवर आली. काही निसर्गप्रेमी नागरिकांनी गावकऱ्यांशी बोलणी केली आणि २००० साली गावात पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. कालचे शिकारी आज नाव वल्हवीत पर्यटकांना पक्षी दाखवितात आणि हिवाळ्यात तेथे लाखांहून अधिक पक्षी उतरतात. समितीबरोबर उपजीविकेचे साधनही आले, हे या यशाचे मर्म आहे. केवळ उपदेशाने चूल पेटत नाही.

याउलट, गावाला वगळले तर काय होते, हेही भरतपूरनेच दाखविले. १९८२ साली तेथील राष्ट्रीय उद्यानात म्हशी चारण्यास बंदी झाली. संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निष्पन्न झाले की, म्हशी चरेनाशा झाल्याने पाणगवत माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि पक्ष्यांचीच हानी झाली. ज्यांना बाहेर काढले, त्यांचे गुरे चारणेही त्या पाण्याच्या व्यवस्थेचा एक भाग होते.

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ पासून त्यात सहभागी आहे. आपल्या राज्यातील नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी यांची नावे त्या यादीत गेली आहेत. पण यादीत नसलेले पाझर तलाव आणि गावतळी यांची संख्या कितीतरी मोठी, आणि त्यांचे भवितव्य ग्रामपंचायतीच्या हाती आहे.

म्हणून आपणांस काही विनंत्या करतो. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयास हवी. त्या समितीत मासेमारी करणारे भोई आणि पारधी बांधव यांना मानाने बसवावे आणि त्यांच्या तोंडून आपल्या तळ्याची माहिती नोंदवून घ्यावी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावच्या तळ्यावर जावे आणि थवा ओळखण्यास याच जाणत्यांना गुरू करावे. राखणदार वा नावाडी नेमण्याचे काम निघाल्यास त्यांचा विचार प्रथम व्हावा.

तलावातील गाळ काढणे हे शेतीच्या हिताचे काम आहे, ते अवश्य करावे. मात्र काठ सरळ खोल कापू नयेत. एका बाजूस तरी उतरता, उथळ काठ राहू द्यावा. थापट्या आणि तलवार बदक उथळ पाण्यातच चरतात. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांनीही पाण्यालगतची एक पट्टी मोकळी सोडावी आणि तेथे कीटकनाशके टाळावीत. ते विष अखेर त्याच पाण्यात उतरते, आणि ते पाणी आपली गुरेही पितात.

बंधुभगिनींनो, अभयारण्याची हद्द शासन आखू शकते. पण पहाटेच्या धुक्यात पाण्यावर कोण उतरले, हे काठावरच्या माणसालाच प्रथम कळते. तो माणूस आपल्या बाजूस असेल तर पक्षी निर्धास्त राहील. पुढच्या ग्रामसभेत आपल्या तळ्याचा विषय मांडा आणि त्या सभेचे पहिले निमंत्रण त्याच्या घरी पाठवा, एवढीच आपणांस विनंती.